बाई तिसऱ्यांदा विचारायच्या

बाईंकडे गेलं की त्या चहा विचारायच्या. आपण म्हणायचं, "नको बाई, आत्ताच झाला." सगळेच असं म्हणतात. माझ्या आईने तर लहानपणापासून बजावलंय, कुणाकडे गेलं की आधी नको म्हणायचं, लगेच हो म्हटलं की माणूस हावरट दिसतो. बाई त्या 'नको'कडे लक्षच द्यायच्या नाहीत. पंखा लावायच्या आणि पुन्हा विचारायच्या, "चहा?" आपण म्हणायचं, "खरंच नको." मग त्या समोर येऊन उभ्या राहायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि तिसऱ्यांदा विचारायच्या, "घेणार का?" यावर बहुतेक माणसं हसून म्हणायची, "बरं, अर्धा कप." कुणी तिसऱ्यांदाही नको म्हटलं तर बाई मान डोलवायच्या. "हे खरं नको," असं म्हणून तो विषय सोडून द्यायच्या.

"पहिलं उत्तर माणूस रीत म्हणून देतो, दुसरं भीड म्हणून. तिसरं त्याचं स्वतःचं असतं," असं त्यांचं म्हणणं होतं.

बाई आता बदलापुरात नाहीत. नाशिकला भाचीकडे असतात. मांजर्लीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या पहिल्या मजल्यावर राहायच्या आणि आम्ही त्यांच्या बरोब्बर खाली, तळमजल्यावर. त्यांच्या खोलीत आता एक नवं जोडपं आलंय. गॅलरीत जिथे फळा टांगलेला असायचा, तिथे कपडे वाळत घालायचं स्टँड आहे. मी कॉलेजला निघताना अजूनही एकदा वर बघते. बाईंबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं. पण त्यांच्याबद्दल आठवायला लागलं की शेवटचं वर्षच आधी आठवतं, आणि ते तसं होऊ नये असं वाटतं. म्हणून चहापासून सुरुवात केली.

कुळगावातल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर गॅलरीत क्लास सुरू केला. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या, पावसाळा असो नसो. भाजी घ्यायची त्यांची तऱ्हा आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होती. भाजीवाल्याला भाव विचारायच्या, काही न घेता पुढे कोपऱ्यापर्यंत जायच्या आणि परत येऊन तोच भाव पुन्हा विचारायच्या.

"ओ बाई, मघाशी सांगितला ना! रेट तोच आहे," तो वैतागायचा.

"मघाशी तू मला बघून सांगितलास. आता भाजी बघून सांग."

तो कपाळावर हात मारून घ्यायचा, पण एखादी कोथिंबिरीची जुडी जास्त टाकायचा. बाईंनी ती मागितलेली नसायची.

क्लासमध्ये "समजलं का?" हा प्रश्न त्यांनी आम्हाला उघड्या डोळ्यांनी कधीच विचारला नाही. उदाहरण सोडवून झालं की त्या खडू खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "डोळे मिटा. घट्ट. आता ज्याला समजलं नाही त्याने हात वर करा." मी पहिल्यांदा हात वर केला तेव्हा मला वाटलं होतं, अख्ख्या गॅलरीत माझा एकटीचाच असेल. मी पापणी किलकिली करून पाहिलं. निम्म्याहून जास्त हात वर होते. शाळेत सगळ्यात आधी "हो बाई, समजलं" म्हणणाऱ्या मुलाचाही होता. बाई फळा पुसून तेच उदाहरण पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागल्या.

"पहिला हात कुणाचा गेला ते दिसलं की बाकीचे हात त्याच्या सोबतीला जातात," त्या म्हणायच्या. "मला सोबत नको, उत्तर पाहिजे."

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात हेल्पर आहेत. आई घरी बसून उल्हासनगरहून येणाऱ्या जीन्सचे लोंबते धागे कापते. त्या जीन्सचे गठ्ठे आमच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलेले असतात. बारावी झाल्यावर माझ्या पुढच्या शिक्षणाचं बाईंनी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "बघू." आठवड्याने त्या पुन्हा खाली आल्या. वडील म्हणाले, "आता तुम्हाला नाही कसं म्हणायचं, पण घरचंही बघायला लागतं." तिसऱ्या वेळी बाईंनी मला आणि आईला बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. वडील बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "शिकू दे तिला," एवढंच म्हणाले.

आणि पुराचं पाणी यायचं तेव्हाची आठवण आहे. मांजर्ली नदीच्या जवळ, त्यामुळे पाऊस लागून राहिला की तळमजल्यांवरची माणसं पायरी बघत बसतात. अशा दिवशी बाई कॅनव्हासचे बूट घालून सगळ्या तळमजल्यांची दारं वाजवत फिरायच्या. "चला, वर चला सगळे." लोक म्हणायचे, "नको बाई, नाही येणार एवढं पाणी." कुणाला दुसऱ्याच्या घरात आपलं बिऱ्हाड पसरायचा संकोच वाटायचा, कुणाला खरंच वाटायचं की पाणी पायरीवरूनच परत जाईल. बाई थोड्या वेळाने पुन्हा यायच्या. तिसऱ्या वेळी आल्या की त्या विचारायच्याच नाहीत, सरळ एखादं गाठोडं उचलून जिना चढायला लागायच्या. मग मागून सगळे निघायचे. आईच्या जीन्सचा एकही गठ्ठा बाईंनी कधी भिजू दिला नाही.

त्यांना टीव्हीवर निवडणुकांच्या बातम्या बघायला फार आवडायचं. कुठल्यातरी लांबच्या देशाच्या अध्यक्षाची निवडणूक असली तरी बघायच्या. मतदानाला कितीतरी महिने असायचे आणि पडद्यावर रंगीत पट्ट्या दाखवून कोण पुढे, कोण मागे हे सांगणं चाललेलं असायचं. बाई टीव्हीशीच बोलायच्या. "अरे, अजून उमेदवार धड उभे नाहीत. मुलगी बघायला गेलेत आणि बारशाचे पेढे वाटतायत." मग आमच्याकडे वळून म्हणायच्या, "आत्ता विचारलं तर माणूस काय सांगणार? ज्याचं नाव ऐकलंय त्याचं. किंवा विचारणाऱ्याला बरं वाटेल ते."

हे मला पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं. एका प्रकल्पासाठी मी अंबरनाथला घरोघर फिरून विचारत होते, तुम्ही ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवता का? सगळे म्हणाले, हो. एक काकू तर म्हणाल्या, "हो तर, आम्ही फार कडक आहोत त्या बाबतीत." त्यांच्या मागे दारातच एक बादली होती. तिच्यात केळीची सालं होती आणि त्यांच्यावर दुधाच्या पिशव्या. मी ते बाईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "तू गळ्यात ओळखपत्र घालून उभी. त्यांनी तुला उत्तर दिलं गं, बादलीला नाही." त्यानंतर बरेच दिवस कुणी काही छातीठोकपणे सांगितलं की बाई माझ्याकडे बघून हळूच म्हणायच्या, "बादली बघ."

हे सगळं ज्यांनी मला शिकवलं, त्यांचंच पुढे असं झालं.

आमच्या गल्लीच्या मागून एक नाला नदीला जातो. दोनेक वर्षांपासून त्याच्या काठी बांधकामाचा राडारोडा पडायला लागला होता. आधी काठावर, मग आत. नाला अरुंद झाला की पाणी आमच्याकडेच वळणार हे शाळेतल्या मुलालाही कळेल. बाई नगरपालिकेत जाऊन सांगून आल्या. पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदाही गेल्या. तिसऱ्या वेळी त्यांना उत्तर मिळालं, "निवडणूक होऊ द्या, नवीन अध्यक्ष आले की बघतील." आमच्याकडे अध्यक्ष म्हणजे नगराध्यक्ष. लोकांनी थेट मत देऊन निवडायचा. या वेळी ती जागा महिलांसाठी राखीव निघाली होती.

त्याच सुमारास एका लोकल न्यूज चॅनलने सर्व्हे काढला. फॉर्म भरायलाही अजून वेळ होता, कुठल्या पक्षाकडून कोण उभं राहणार हे कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत कल्याणची एक मुलगी टॅब घेऊन आली. माझ्याच वयाची असेल. भर दुपारी ती घामाने निथळत होती. बाईंनी गॅलरीतून हाक मारली.

"ए मुली, कुठे उन्हात फिरतेस? वर ये. इथे बस, मी बोलावते सगळ्यांना."

"आंटी, मला डोअर टू डोअर करायचंय."

"हे पण डोअरच आहे. बस."

अशी ती मुलगी बाईंच्या गॅलरीत फळ्याखाली बसली आणि गल्लीतली माणसं एकेक करून वर आली. प्रत्येकाला बाईंनी चहा दिला. मीच आत चहा गाळत होते. बाई प्रत्येकाला सांगायच्या, "खरं खरं सांगा हं, माझ्याकडे बघू नका." आणि स्वतः तिथेच खुर्चीत बसायच्या.

मुलीने टॅबवरची चर्चेतली नावं वाचून दाखवली. इस्त्रीवाले काका सगळ्यात आधी आले होते. त्यांनी बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "यातलं कुणी नको. आमच्या बाईच उभ्या राहिल्या तर आपलं मत बाईंना." त्यांच्यामागे जिन्यात दोघं उभे होते. त्यांनीही तेच सांगितलं. मग आई आली. "बाईंनला न्हाई तर कुणाला? तुमालाच की वो बाई!" ती म्हणाली आणि तिने लाजून पदर तोंडाला लावला. बाई म्हणाल्या, "काहीतरीच काय!" पण त्या हसत होत्या. चौथा कप, पाचवा कप, सगळ्यांचं उत्तर एकच. टॅबवाली मुलगीसुद्धा खूश झाली. "आंटी, आप तो जीत गयीं," असं म्हणून तिने बाईंसोबत एक फोटो काढला.

मलाही आनंदच झाला होता. मी पण त्या दिवशी डोळे उघडेच ठेवले होते.

चॅनलने काही दिवसांनी मोबाइलवर व्हिडिओ टाकला. त्यात भागाप्रमाणे पसंती दाखवली होती आणि मांजर्लीच्या पट्टीवर बाईंचा फोटो होता. बाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "अजून कशात काय नाही. पेढे वाटतायत." मग त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये कुणीतरी तोच प्रश्न टाकला. धडाधड बाईंच्या नावावर अंगठे आले. त्यातले कितीतरी पुण्यात होते, बेंगळुरूला होते, एक जर्मनीला होता. बाई हे दुसरं उत्तर रात्रंदिवस बघत बसायला लागल्या. आणि मग एका रविवारी त्यांनी बूट घातले आणि स्वतः दारोदार गेल्या. "मी उभी राहिले तर मत द्याल का?" लोक म्हणाले, "विचारायचं काय बाई त्यात!" एका आजोबांनी तर त्यांच्यासमोर पोरांना ओरडून सांगितलं, "आपल्या घरातली सगळी मतं बाईंना, काय?"

संध्याकाळी त्या आमच्या दारात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. "तीनदा विचारलं गं मी," त्या मला म्हणाल्या. "तिन्ही वेळा तेच उत्तर."

मी खूप चाचरत म्हटलं, "पण बाई, तीनही वेळा लोकांसमोर तुम्हीच होता ना? ते बादलीचं आठवतं ना तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "ती कचऱ्याची गोष्ट होती," त्या म्हणाल्या. "ही माझी माणसं आहेत."

त्यांच्या माणसांमध्ये मीही होते.

बाईंनी अपक्ष फॉर्म भरला. चिन्ह कपबशी मागितलं आणि तेच मिळालं. त्यावर गल्लीत पुष्कळ हसून झालं.

फॉर्म मागे घ्यायची मुदत संपत आली तेव्हा एक दिवस सिस्टर आल्या. त्यांना सगळे सिस्टरच म्हणायचे. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या होत्या, शिरगावला राहायच्या. त्याही अपक्ष उभ्या होत्या, आणि त्याही नाल्याबद्दल बोलत होत्या. तिसरी उमेदवार मोठ्या पक्षाची होती, एका जुन्या नगरसेवकाची सून. राडारोडा टाकणारे कंत्राटदार कुणाच्या ओळखीचे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. मी तेव्हा बाईंचे हिशोबाचे कागद लावून देत होते, म्हणून तिथेच होते.

"बाई, दोघींनी एकमेकींची मतं खाण्यात अर्थ नाही," सिस्टर म्हणाल्या. "एकीने मागे घेऊ. तुम्ही की मी, ते लोकांना विचारून ठरवू. आपण दोघी मिळून जाऊ. तुमच्या गल्लीत मी विचारते, माझ्याकडे तुम्ही विचारा. तुमचं नाव आलं तर मी उद्याच फॉर्म मागे घेते."

मला वाटलं बाई उडी मारून हो म्हणतील. ही तर त्यांचीच पद्धत होती. विचारणारा बदलायचा, पुन्हा विचारायचं. बाईंनी टेबलावरचा मोबाइल उचलला, तो व्हिडिओ लावला आणि सिस्टरांपुढे धरला.

"विचारून झालंय," त्या म्हणाल्या.

"बाई, हा सर्व्हे केव्हाचा आहे? तेव्हा मी उभी पण नव्हते."

"तीनदा विचारलंय मी."

सिस्टरांनी मोबाइल बाजूला सारला. मग बाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "चौथ्यांदा विचारायला काय जातं?"

बाईंनी हात सोडवून घेतला आणि विचारलं, "चहा घेणार?" सिस्टर म्हणाल्या, "नको." मी वाट बघत राहिले. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. सिस्टर जिना उतरून गेल्या. तिसऱ्यांदा न विचारता बाईंनी कुणाला चहाशिवाय जाऊ दिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला अजून वाटतं, त्या वेळी मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण बाईंना एवढं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्यांचं खरं उत्तर काढायचा आटापिटा केला, त्याला पहिल्यांदा कुणीतरी न विचारता, आपणहून, हो म्हटलं होतं. निदान त्यांना तसं वाटलं होतं.

प्रचारात त्या कॅनव्हासचे बूट घालून फिरल्या. लोक आपुलकीने बोलायचे, बसायला खुर्ची द्यायचे, सरबत द्यायचे. शेवटच्या दोन दिवसांत मोठ्या पक्षाची माणसं गल्लीत आली, कुणाला नळाच्या जोडणीचं आश्वासन, कुणाच्या मुलाला कंत्राटी कामाचं. इस्त्रीवाल्या काकांची टपरी रस्त्याच्या कडेला, तिला परवाना नाही. त्यांना कुणी काय सांगितलं असेल ते मला कळतं. मी त्यांना वाईट म्हणू शकत नाही.

माझं ते पहिलंच मतदान. मशीनसमोर उभी राहिले. मी कपबशीचं बटण दाबलं.

निकालाच्या दिवशी बाई मोजणीच्या ठिकाणी गेल्याच नाहीत. मोठ्या पक्षाची उमेदवार निवडून आली, हे फटाक्यांवरून कळलं. सिस्टर दुसऱ्या होत्या. बाई त्यांच्याही मागे. दोघींची मतं एकत्र झाली असती तर निकाल वेगळा लागला असता, असं लोक अजूनही कट्ट्यावर म्हणतात. पूर्वीच्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, मतं अशी चहात साखर टाकल्यासारखी एकमेकांत मिसळत नाहीत. पण एकीने माघार घेतली असती तर निदान कळलं तरी असतं.

बाईंनी एवढंच विचारलं, "आपल्या बूथवर किती?" कुणीतरी आकड्यांचा फोटो पाठवला होता. मी त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि मला परत दिला.

"त्या सर्व्हेच्या दिवशी मी याहून जास्त कप धुतले होते," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला विचारलं नाही की तू कुणाला दिलंस. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. पण ते त्यांना खरं वाटलं असतं का, हे मला माहीत नाही. आईने कुणाला मत दिलं ते मी तिला विचारलेलं नाही. एकदा विचारणार होते, तर ती जीन्सचे धागे कापता कापता मान न उचलता म्हणाली, "तू नगं इचारूस."

त्यानंतर बाईंमध्ये एक बदल झाला. बाहेरच्या कुणाच्या लक्षात आला नसता. त्या कुणावर रागावल्या नाहीत, कुणाशी बोलणं टाकलं नाही. फक्त एकदाच विचारायला लागल्या. चहा? नको म्हटलं की बरं म्हणून बसायच्या. भाजीवाल्याने भाव सांगितला की पैसे देऊन निघायच्या, तो बिचारा कोथिंबिरीची जुडी हातात धरून बघत राहायचा. क्लासमध्ये "समजलं का?" असं उघड्या डोळ्यांनी विचारायच्या. मुलं म्हणायची, "हो बाई." मग पुढचं उदाहरण.

पुढच्या पावसाळ्यात नाला आणखी भरलेला होता. दोन दिवस पाऊस थांबला नाही. सकाळी बाई खाली आल्या. आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "येताय का वर?" आई म्हणाली, "नको बाई, बघू की. पायरीपतूर न्हाई आलं अजून." बाई म्हणाल्या, "बरं." आणि पुढच्या दाराकडे गेल्या. तिथेही एकदा विचारलं, तिथून पुढे. मग जिना चढून वर गेल्या.

आई दारात उभी राहिली. कामाला हात लागत नव्हता तिचा. मला म्हणाली, "येतील परत." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "येतीलच." पाणी पायरीवर आलं. आई जिन्याकडे बघत होती. मला वाटतं, गल्लीतला प्रत्येक तळमजला तेव्हा जिन्याकडे बघत होता. पुन्हा विचारल्याशिवाय वर जायचं कसं, हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं.

पाणी उंबऱ्यावरून आत आलं तेव्हा आईचा धीर सुटला. आम्ही हाताला लागले ते गठ्ठे उचलले. खालच्या थरातले भिजले होते, निळं पाणी जमिनीवर पसरत होतं. आई पुढे आणि मी मागे, अशा आम्ही वर गेलो. आईने बाईंचं दार वाजवलं. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदा न बोलावता वर आलो होतो.

बाईंनी दार उघडलं. आमच्याकडे बघितलं, गठ्ठ्यांकडे बघितलं. गठ्ठे आत घेतले, आम्हाला कोरडे टॉवेल दिले. मग ओट्यापाशी गेल्या.

"चहा ठेवू?"

"ठेवा," आई लगेच म्हणाली. माझ्या आईने कुणाच्या घरी पहिल्या विचारण्याला हो म्हटलेलं मी त्या दिवशीच ऐकलं.

बाई पातेलं हातात घेऊन उभ्या राहिल्या. "नक्की?"

"व्हय बाई, नक्की."

"नाही, माझं मन राखायला म्हणून नको हं."

"न्हाई वो बाई..." आईला पुढे बोलता येईना. तिने ओल्या पदराने तोंड झाकून घेतलं.

बाई तरी तशाच उभ्या होत्या. पातेल्यात पाणी घातलेलं नव्हतं. त्या तिसऱ्यांदा विचारणार होत्या, आणि आम्ही तिसऱ्यांदा हो म्हटलं असतं तरी ते त्यांच्यापर्यंत पोचलं नसतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पूर्वी त्या लोकांच्या 'नको'वर विश्वास ठेवत नव्हत्या. आता 'हो'वर.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी फळ्यासमोर बसायचे तशी खाली बसले, डोळे घट्ट मिटले आणि हात वर केला.

कितीतरी वेळ नुसता पावसाचा आवाज येत होता. माझा हात दुखायला लागला तरी मी तो खाली घेतला नाही. बऱ्याच वेळाने नळ सुटल्याचा आवाज आला, पातेल्यात पाणी पडलं, आणि मग लायटर वाजला.